वेण्णेच्या काठावरून कृष्णेच्या घाटावर

दिवाळीनंतर बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले होते. रक्तदाब आटोक्यात, गुडघे मात्र थोडे कुरकुरणारे. ‘‘डॉक्टर, महाबळेश्वरहून वाईपर्यंत एक दिवस एकट्यानेच जावे म्हणतो,’’ ते म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाकडे पाहत मी उत्तर दिले, ‘‘या वयात एकट्याने नकोच.’’ गुरुजी काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून ते उठले. न तपासताच दिलेला तो सल्ला मला टोचत राहिला. म्हणून जानेवारीत मी तोच प्रवास एकटीने केला. वाचकहो, त्या दिवसाची ही नोंद तुमच्यासाठी.

वेण्णा तलावावर मी मुद्दाम नऊनंतर गेले. ऐन थंडीत येथे पहाटे दव गोठते. अशा गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी ऊन वर येऊ द्यावे. काठावर बसून मी पाण्यावरचे धुके विरताना पाहिले. तासभर कोणीही माझ्याकडे काही मागितले नाही. आजाऱ्याची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्यांना या तासाचे मोल वेगळे सांगायला नको.

तेथून वाई सुमारे ३२ किलोमीटर. मी एसटीने निघाले. वयाच्या ६५ वर्षांपासून निम्मे भाडे आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर मोफत प्रवास, ही सवलत अनेक ज्येष्ठ वापरतच नाहीत. पाचगणीत उतरून गरम वरणभात खाल्ला, अर्धा तास विसावले. पुढे पसरणी घाट. वळणांनी मळमळत असेल तर पुढच्या बाजूला बसावे, पोट फार भरलेले वा अगदी रिकामे नसावे, नजर दूर ठेवावी. मळमळीची गोळी मात्र विचारल्याविना घेऊ नये. उतारवयात तिने गुंगी येते, कधी लघवीही अडते. गाडी थांबली की लगेच उठू नका. क्षणभर पाय हलवा, मग आधार धरून उभे राहा.

वाईत गणपती घाटावर पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. पुराला अडवायचे नाही, वाट द्यायची, हे शहाणपण त्या दगडांत आहे. म्हातारपणाशी वागतानाही मला ते उपयोगी वाटले. घाटाच्या खालच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या होत्या. मी वरच्याच पायरीवर बसले. नदी तेथूनही तेवढीच दिसते.

सकाळी पाहिलेली वेण्णा आणि समोरची कृष्णा, दोघींचा उगम महाबळेश्वरच्याच डोंगरातला. वेगवेगळ्या वाटांनी उतरून त्या साताऱ्याजवळ माहुलीला भेटतात. आपापल्या गतीने चालण्याची मुभा दोघींनाही मिळाली, एवढेच.

पुढच्या तपासणीला गुरुजी आले, तेव्हा मी माझा सल्ला मागे घेतला. उभे राहताना त्यांचा रक्तदाब उतरत नाही ना, चालताना तोल जात नाही ना, हे पाहिले आणि चिठ्ठीवर लिहून दिले: औषधे वेळेवर, पाणी बरोबर, काठी हाती, आधारकार्ड आणि घरचा दूरध्वनी क्रमांक खिशात, दुपारी आणि संध्याकाळी एकेक फोन. वारंवार पडणाऱ्यांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा विस्मरणाचा आजार असलेल्यांनी सोबत घ्यावीच. बाकीच्यांना केवळ वयापायी घरी बसवू नये.

गुरुजींनी चिठ्ठीची घडी घातली. या वेळी मुलाकडे वळून त्यांनी विचारले, ‘‘सकाळची गाडी किती वाजता रे?’’