शेक

आमच्या पिढीने फोन नखाने उघडला आहे. २००३ साली बाजारात आलेल्या नोकिया ११००चे मागचे झाकण अंगठ्याने सरकवले की बॅटरी हातात येई. आजच्या फोनची काचेची पाठ चौकटीला चिकटवलेली असते. स्क्रू दिसत नाही, फट दिसत नाही. बॅटरी बदलायची तर आधी तो चिकट थर उष्णतेने मऊ करावा लागतो. हे ज्ञान आम्हां उभयतांना चाळिशी उलटल्यावर झाले, आणि तेही गरजेपोटी.

फोन आईंचा होता. २०१८च्या दिवाळीत त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्या आम्ही त्यांच्याच फोनमध्ये मुद्रित केल्या. २०२२ साली आई गेल्या आणि फोन कपाटात गेला. परवा बाहेर काढला, तर चार्जरला लावूनही पडदा उजळून लगेच विझे. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात मौखिक परंपरेवर बोलतो, संकलनाचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देतो. पण घरातल्या ओव्यांची दुसरी प्रत काही आम्ही केली नव्हती.

दुकानदार म्हणाला, ‘‘सर, दोन दिवस ठेवून जा. बॅटरी बदलू, पण डेटाची गॅरंटी नाही.’’ फोन तिथे ठेवायला मन धजेना. नवी बॅटरी तेवढी विकत घेऊन आम्ही परतलो.

प्रश्न उष्णतेचा होता. चिकट थर साधारण साठ ते ऐंशी अंश सेल्सिअसला सैल होतो. आणि लिथियम-आयन बॅटरी साठ अंशांपलीकडे तापू द्यायची नसते, नाहीतर ती पेट घेऊ शकते. म्हणजे कडा तापाव्यात, पण पोट तापू नये. बॅटरी फुगलेली असती तर आम्ही या फंदातच पडलो नसतो. तशा बॅटरीला उष्णता दाखवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ती फुगलेली नाही, हे आधी पाहून घेतले.

मग घर धुंडाळले. इस्त्री आणि तवा हे दोन्ही पर्याय बोलता बोलताच बाद झाले. हेअर ड्रायर लावून पाहिला, पण एक कड तापेपर्यंत दुसरी निवे. कान दुखला की आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेक देत, तीही युक्ती आठवली. परंतु मीठ किती तापले आहे हे त्यांच्या तळहाताला कळे, आमच्या नाही. अखेर कपाटातून आईंच्या गुडघ्यांसाठी आणलेली रबरी पिशवी निघाली. पाणी कितीही तापले तरी शंभर अंशांच्या पुढे जात नाही आणि त्याची ऊब सावकाश, सारखी पोचते. आम्ही तर ते उकळूही दिले नाही. बुचाशी थेंब नाही ना, हे दोनदा तपासले आणि बंद फोनच्या एकेका कडेवर पिशवी दोन-दोन मिनिटे ठेवली.

पहिल्या तीन खेपांना काहीच हलले नाही. चौथ्या खेपेस, भिंतीला चिकटवायच्या रबरी हुकाने काच ओढून धरली, तेव्हा केसाएवढी फट पडली. तीत जुने प्लास्टिकचे कार्ड सारले आणि कड निवली की पुन्हा शेक, असे करत तासाभराने पाठ सुटली. घाई केली त्या एका कोपऱ्यात काच तडकली. नवी बॅटरी बसली. आता हा फोन पाण्यापासून सुरक्षित राहिलेला नाही, पण त्याला पावसात न्यायचेच कुठे आहे?

युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले. आपलीच वस्तू उघडण्यासाठी हक्क मागावा लागतो, याचे नवल आता कोणास वाटेनासे झाले आहे. असो.

फोन सुरू झाला. आधी ओव्यांच्या तीन प्रती केल्या, मग ऐकायला बसलो. सहाव्या ओवीला आई अडखळतात, थांबतात. ‘‘पुढचं आठवत नाही. बंद कर ते.’’

आणि आम्ही तेव्हा लगेच बंद केले होते.