अकराव्या गाण्यापर्यंत

बेळगावातल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला मँचेस्टरच्या एका वाद्यवृंदाचे वेड असावे, हे आमच्या स्टाफरूमला अजून पचलेले नाही. दोष धारवाडचा. १९८९ साली तिथे एम. ए. करीत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत म्हापशाचा एक मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ तारवटी. बोटीवरून घरी येताना तो कॅसेटी आणी. त्यातल्या एकीवर शाईने ‘न्यू ऑर्डर’ एवढेच लिहिलेले होते.

या मंडळींचे आधीचे नाव ‘जॉय डिव्हिजन’. मे १९८० मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, त्यांचा तेवीस वर्षांचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी नाव बदलले, जिलियन गिल्बर्टला सोबतीला घेतले आणि १९८३ साली ‘ब्ल्यू मंडे’ काढले. घरातला माणूस गेलेला आणि हे नाचाच्या तालावर! पण त्या तालाखाली दुःख तसेच वाहत होते. माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मला ते गाणे समजले, एवढेच सांगतो.

त्यातही माझा जीव पीटर हुकच्या बास गिटारवर. बास म्हणजे खर्जातले वाद्य. हा गृहस्थ ते वरच्या सुरांत वाजवी. कारण काय, तर सुरुवातीला त्याचा अँप्लिफायर इतका भिकार, की खाली वाजवले तर त्याचे त्यालाच ऐकू येईना! अडचणीतून शैली जन्मते ती अशी.

पुढे प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत ते कुठेतरी नवीन जात. १९८९ च्या ‘टेक्नीक’मध्ये तर इबिझा बेटावरच्या नाचघरांचे वारे शिरले होते. मग २००५ साली त्यांची आठवी ध्वनिमुद्रिका आली : ‘वेटिंग फॉर द सायरन्स कॉल’. म्हापशाचा मित्र ती सीडी घेऊन मुद्दाम बेळगावला आला. आम्ही दोघे शाळेतल्या पोरांसारखे प्लेअरसमोर बसलो.

वाईट काहीच नव्हते. हुकची बास वेळेवर वर चढत होती, बर्नार्ड समनरचा आवाज पूर्वीसारखाच थोडा परका, ताल चोख. चौथ्या गाण्याला वाटले, हे आत्ताच ऐकले की! सातव्याला मित्र खिडकीबाहेर पाहू लागला. अकरावे संपले तेव्हा आमच्या मंडळींनी आतून विचारले, “एकच गाणं लावलंय का हो इतका वेळ?” मित्र म्हणाला, “अरे, हे आपल्यालाच ऐकून वाजवतात रे.”

यमन तोच असतो, पण गवय्या त्यात चुकण्याचा धोका पत्करतो. इथे धोकाच उरला नव्हता. २००७ मध्ये हुक बाहेर पडला. २०१३ साली त्याच ध्वनिमुद्रणातून मागे राहिलेली गाणी ‘लॉस्ट सायरन्स’ म्हणून आली. मी तीही मागवली. सवय!

मी हा निकाल वर्षानुवर्षे मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मग एका फेब्रुवारीत दहावीच्या निरोप समारंभात माझे भाषण चालू होते. ‘शाळा म्हणजे नदीचा घाट, पाणी पुढे जाते, घाट तिथेच राहतो’ हे माझे ठेवणीतले वाक्य. ते म्हणताच आमचा शिपाई उठून बाहेर गेला. नंतर मी जरा रागानेच विचारले.

“घाटाचं वाक्य आलं की मी चहाला आधण ठेवतो की सर,” तो म्हणाला. “तुमचं संपायला आणि चहा व्हायला बरोबर होतंय. किती वर्षं झाली.”

त्याच्या बोलण्यात थट्टा अजिबात नव्हती. त्या रात्री ती सीडी काढून पुन्हा अकराही गाणी ऐकली. मत बदलले नाही. फक्त या वेळी मध्येच उठावेसे वाटले नाही.

यंदा भाषणातून घाट गाळला. दोनदा अडखळलो, मुलांनी चुळबूळ केली. चहाही बराच उशिरा आला.