पिवळी टोपी

पोहणाऱ्या मुलांच्या आईबापांची एक निराळीच जात असते. पहाटे साडेपाचला ती तलावावर जमते. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात दुधाची बाटली आणि गळ्यात स्टॉपवॉच. "तुमच्या बंड्याचे पन्नास मीटर किती सेकंदांत?" हाच त्यांचा रामराम!

या जातीत मीही चार वर्षे होतो. गंमत अशी, की मला स्वतःला पोहता येत नव्हते. माझे थोरले काका कृष्णेच्या डोहात बुडाले, तेव्हापासून आजीने घरातल्या पोरांना नदीची वाटच बंद केली. गावची मुले पाठीला सुके भोपळे बांधून विहिरीत उड्या घेत आणि मी काठावरून पाहत असे. ही भीती माझ्यापाशीच संपावी, म्हणून मनूला दादरच्या तलावावर घातले. स्टॉपवॉच मागाहून आले आणि मूळ हेतू कुठच्या कुठे गेला!

२०१९ च्या डिसेंबरात आमच्या वाडीतली सहा मुले मालवणला समुद्रातल्या शर्यतीसाठी निघाली. दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणारी तुतारी एक्स्प्रेस, कुडाळला उतरून एसटी आणि मालवणात पाऊल ठेवताच सुक्या मासळीचा वास. सोलकढीचे दोन-दोन पेले रिचवून संध्याकाळी सगळे धक्क्यावर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा होता. १६६४ साली महाराजांनी त्याचा पाया घातला. शिवनेरीसारख्या डोंगरी किल्ल्यावर जन्मलेल्या राजाने लाटांत तट उभारावा आणि मी धक्क्याच्या कडेपासून चार हात लांब उभा राहावे! मनूने ते पाहिले; बोलली काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिवल्याचा किनारा. माडांची रांग, चंद्रकोरीसारखी वळलेली वाळू आणि शांत पाणी. मनूच्या गटाला एक किलोमीटर पोहायचे होते. म्हणजे आमच्या तलावाच्या वीस फेऱ्या, असा हिशेब मी तिला समजावला. पण समुद्राला तलावाचे हिशेब कुठून ठाऊक? तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्या अनुरोधाने मूल सरळ जाते. इथे रेघ नाही. दर थोड्या हातांनी मान वर काढून लांबचा तरंगता फुगा शोधायचा. खारे पाणी अंगाला उचलून धरते खरे, पण श्वास घ्यायला तोंड उघडावे आणि नेमकी लाटच आत यावी, असेही होते.

शिट्टी झाली. मुले पाण्यात धावली आणि क्षणभरात माझी मनू हरवली. साऱ्याच टोप्या पिवळ्या! तलावावर मी तिला पाठमोरी ओळखत असे. इथे नुसते पिवळे ठिपके वरखाली होत होते. बचावाच्या होड्या होत्या, पण मला एकाएकी कृष्णेचा तो डोह आठवला आणि पाय लटपटू लागले.

शेजारी एक म्हातारे रापणकर जाळे सोडवत बसले होते. "तुमचा चेडू खयचा?" त्यांनी विचारले.

"पिवळी टोपी," मी म्हणालो.

"पिवळी टोपी तर सगळ्यांचीच आसा!" ते हसले. "मगे सगळ्यांकच बघा."

दुसरा इलाज नव्हता. मी सगळ्यांकडे पाहू लागलो. एक ठिपका मागे पडला की माझा जीव वरखाली होई. तो पुढे सरकला की हायसे वाटे. ज्या बंड्याचे सेकंद मी चार वर्षे मत्सराने मोजले, त्याच्यासाठीही त्या सकाळी देवाला हात जोडले. आजूबाजूचे आईबापही तसेच उभे होते. कुणी कुणाला वेळ विचारत नव्हते.

एकेक मूल वाळूवर येऊ लागले. मनू बरीच मागून आली. ओठ निळसर, डोळे लाल, पण चेहरा कसा फुललेला!

"बाबा, वेळ किती लागला?"

मी गळ्यातले स्टॉपवॉच पाहिले. त्यावर शून्य होते. शिट्टीच्या वेळी बटण दाबायचेच राहून गेले होते.

मनू खळखळून हसली. मग तिने माझा हात धरला. "चला बाबा, गुडघ्यापर्यंतच."

पँट वर दुमडून मी तिच्यामागून गेलो. पाणी कोमट होते. लाट आली तशी पायाखालची वाळू सरकली. मी तिचा हात घट्ट धरला. तिनेही तो सोडला नाही.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, साथीमुळे तलावांना कुलपे लागली. ती उघडल्यावर मी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. पहिल्या पहाटे काठावर टॉवेल घेऊन मनू उभी होती. तिने वेळ मोजला नाही.