दोन अक्षरांचे थडगे

हैदराबादेस जाणारा प्रवासी चारमिनार पाहतो, गोवळकोंड्याचा किल्ला चढतो आणि सालारजंग संग्रहालयात दिवस घालवितो. मूसारामबाग हे नाव त्याच्या कानी पडते ते बहुधा मेट्रोच्या स्थानकापुरतेच. हा मूसाराम कोण, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने मलकपेठेपलीकडील अस्मानगढच्या टेकडीवर जावे. आम्ही गेलो.

तेथे उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाचा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे २३ फूट उंचीचा स्तंभ उभा आहे. त्यावर ‘जे’ व ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे कोरलेली आहेत. ते पाहून आम्हांस रोमच्या भुयारी दफनभूमींची आठवण झाली. तिसऱ्या-चौथ्या शतकांत तेथील ख्रिस्ती लोक आपल्या मृतांच्या शिळांवर मासा, कबूतर किंवा जहाजाचा नांगर कोरीत आणि कित्येकदा ‘शांतीत’ एवढेच लिहीत. थोडक्या खुणांत माणसाची ओळख ठेवण्याची ती रीत फार जुनी आहे.

हे थडगे मिशेल जोआकीम रेमंड या फ्रेंच सेनानीचे. १७५५ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा मनुष्य व्यापारासाठी पाँडिचेरीस आला आणि पुढे दुसऱ्या निजामाच्या चाकरीत शिरला. त्याने कवायती पलटणी उभारल्या व तोफा ओतण्याचा कारखाना काढला. शहरातील गनफाउंड्री या भागाचे नाव त्यावरूनच पडले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा रेमंड निजामाच्या बाजूने लढत होता. मराठ्यांकडे शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पेराँ, तोही फ्रेंचच! पोटासाठी दूरदेशी गेलेली माणसे अशी एकमेकांसमोर उभी ठाकतात.

२५ मार्च १७९८ रोजी रेमंड मरण पावला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याच्या पलटणी निःशस्त्र केल्या. सैन्य गेले, सत्ता गेली. थडग्याची विचारपूस करावयास स्वकीय असे कोण उरले?

उरली ती हैदराबादची सामान्य जनता. फ्रेंच भाषेतील ‘मस्यू’ या आदरार्थी शब्दाचा तिने ‘मूसा’ केला. मुसलमान त्यास मूसा रहीम म्हणू लागले, हिंदू मूसा राम. निजामाच्या राज्यात त्याच्या पुण्यतिथीस लोक टेकडीवर जमत, दिवे लावीत, ऊद जाळीत. परक्या देशीच्या, परक्या धर्माच्या माणसास त्यांनी आपल्या नावांत सामावून घेतले.

आणि दगड? तो काही अमर नव्हे. थडग्याजवळचा खांबांचा मंडप दुर्लक्षामुळे २००१ साली कोसळला. २००३ मध्ये तो पुन्हा बांधण्यात आला. मधल्या काळातही मूसारामबाग हे नाव रिक्षावाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या तोंडी होतेच.

वाचकहो, आपल्याही गावच्या दफनभूमीत अक्षरे झिजलेल्या शिळा आहेत. काही थडगी अशा माणसांची आहेत, की ज्यांचे गावात आज कोणीच उरलेले नाही. येत्या २ नोव्हेंबरला आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या नेताना त्यांच्यासाठीही एक न्यावी. आणि ते कोण होते हे घरातील वडीलधाऱ्यांस आत्ताच विचारून मुलांस सांगून ठेवावे. सांगणारे आज आहेत.