तिघांत तिसरे

ज्याला एखाद्या विषयातले काही कळत नाही, त्यालाच त्या विषयाचा वार्षिक अहवाल लिहायला सांगतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीकडे मी कधी चढून पाहिलेले नाही, पण टाकीदुरुस्तीचा अहवाल माझा. गणेशोत्सवात मी आरतीपुरता खाली उतरतो, पण मंडळाचा जमाखर्च माझा. आणि गेली चार वर्षे मुळेच्या काठी असलेल्या एका रोइंग क्लबाचे वार्तापत्र, म्हणजे 'वर्षभरातील घडामोडी व यश' असे मथळ्याचे आठ पानी चोपडे, तेही माझेच.

मला पोहता येत नाही. होडीत मी आयुष्यात एकदाच बसलो, महाबळेश्वरला वेण्णा तलावात. तीही पायडलची होडी होती आणि पायडल सौ. मारत होत्या.

हे काम माझ्याकडे बँकेच्या काउंटरवरून आले. क्लबाचे चिटणीस आमच्या शाखेचे खातेदार. एके दिवशी स्लिप भरता भरता ते म्हणाले, "तुम्ही कॉमर्सचे ना हो?"

हा प्रश्न इतक्या प्रेमाने कुणी विचारला की पुढे काहीतरी फुकट करून द्यायचे असते, हे मी पंचवीस वर्षांत ओळखायला शिकलो आहे. पण आमची कन्या त्याच महिन्यात त्यांच्या क्लबात जाऊ लागली होती. मुलीच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुलीच्या होडीचे चिटणीस यांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

"मला रोइंगमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"उत्तम! कळणाऱ्यांची आपापसात भांडणं आहेत," चिटणीस म्हणाले.

माहिती गोळा करायला मी पहाटे साडेपाचला नदीवर गेलो. पहिला धक्का असा बसला की ही सगळी मंडळी होडीत उलटी बसतात. जायचे पुढे आणि तोंड मागे! शर्यतीची शेवटची रेषा पाठीमागून येते. जे मागे पडले ते समोर दिसते, जे आपल्याला मागे टाकून गेले ते दिसत नाही. मला वाटले, सरकारी नोकरीतल्या सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून कुणाला तरी हे सुचले असावे. काही होड्यांत एक जण सरळ बसतो, त्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हवत नाही. सुकाणू धरतो आणि ओरडतो. प्रत्येक शाखेत असा एक असतोच, त्यामुळे ती कल्पना मला चटकन समजली.

दुसरा धक्का होडीचा. एका माणसाची शर्यतीची होडी लांबीला आठ मीटरच्या आसपास, रुंदीला जेमतेम एक फूट, आणि वजन? नियमाप्रमाणे निदान चौदा किलो. चौदा किलो! आमच्या घरी गहू यापेक्षा जास्त वजनाचा येतो. एवढ्याशा फळकुटावर साठ-सत्तर किलोचा माणूस बसतो, त्याची बैठक रुळांवर मागेपुढे सरकते, पाय बुटांत अडकवलेले असतात, आणि जोर हातांचा नसून पायांचा असतो. म्हणजे बघणाऱ्याला वाटते हात काम करताहेत आणि खरे काम करतात पाय. यावरही मला शाखेतली काही उदाहरणे सुचली, पण ती वार्तापत्रात घालता आली नाहीत.

मग शब्द. वल्ह्याचे पाते वेळेवर पाण्याबाहेर आले नाही, तिरपे घुसून अडकले, की त्याला हे लोक 'खेकडा पकडला' म्हणतात. होडी वेगात असेल तर वल्ह्याचा दांडा उलटा येऊन पोटात बसतो. पहिल्याच आठवड्यात कन्येने पकडला. मी घरी येऊन सौ.ना मोठ्या ज्ञानीपणाने सांगितले, "आज हिनं खेकडा पकडला."

"अहो, आज संकष्टी आहे!" सौ. म्हणाल्या.

वार्तापत्राच्या सुरुवातीला इतिहास लागतो. तो मला बरा सापडला. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा बोट क्लब १८६७ चा, आणि आपल्या पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. रिक्षावाल्याला 'बोट क्लब रोड' म्हणून सांगताना या रस्त्यावर बोट कुठली, असा प्रश्न मला आयुष्यात पडला नव्हता. साहेब गेला, बोट राहिली. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी संगमाजवळ १९२८ पासून रेगाटा सुरू केला. अंधार पडल्यावर मशाली लावलेल्या होड्या पाण्यात रांगा धरतात, रांगांचे बाण होतात, काठावरचे आईबाप आपले कार्टे कोणत्या मशालीखाली आहे ते शोधत बसतात. उद्याचे इंजिनियर पूल बांधायच्या आधी नदी ओलांडायला शिकतात, ही गोष्ट मला फार आवडली.

इतिहास झाला. आता 'यश'.

नमुन्यादाखल मी जुनी वार्तापत्रे चाळली आणि थक्क झालो. आमचा क्लब कधी हरलेलाच नव्हता! 'चुरशीच्या लढतीत दुसरा क्रमांक', 'अटीतटीच्या झुंजीत तिसरा क्रमांक', 'प्रतिकूल वाऱ्यातही चौथा क्रमांक'. पण मी बँकेतला माणूस. टोटल दिसली की मला तिच्यावरचे आकडे बघायची खोड. निकालाची कागदपत्रे काढली, तर चुरशीच्या लढतीत होड्या दोन होत्या, अटीतटीच्या झुंजीत तीन होत्या आणि प्रतिकूल वारा सगळ्या चारही होड्यांना सारखाच होता.

मी हे चिटणिसांच्या कानावर घातले. ते शांतपणे म्हणाले, "यात खोटं काय आहे? तुमच्या बँकेच्या जाहिरातीत व्याजाचा दर मोठ्या टायपात आणि अटी बारीक टायपात नसतात का?"

मी गप्प बसलो. मग त्यांनी आणखी एक बातमी सुचवली. दत्तू भोकनळ! "आपल्या पुण्यात सराव केलाय त्यानं. पाणी एकच की हो! घाला आपल्या यशात."

दत्तू भोकनळ मला माहीत होता. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. त्या भागात पाणी बघायचे तर विहीर खणावी लागते, आणि या माणसाने ती मजुरीने खणलेली. पाण्याची भीती वाटायची, २०१२ साली सैन्यात गेला, तिथे त्याच्या हातात वल्हे दिले गेले आणि चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तो तेरावा आला. 'जगात तेरावा' ही बातमी कुठल्याही विशेषणाशिवाय उभी राहते. ती आमच्या आठ पानांत 'आपले यश' म्हणून छापायची म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या पासबुकात दाखवण्यासारखे होते. मी ती खोडली. चिटणीस दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि स्लिप शेजारच्या काउंटरवर दिली.

असा मी कडक संपादक. पण माझी खरी परीक्षा यंदा झाली.

यंदा मार्चमधल्या शर्यतीत आमची कन्या चौघींच्या होडीत होती. प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही. त्याआधीचा महिनाभर नदीत जलपर्णी माजली होती. पाचशे मीटरचा पट्टा हिरवागार, वर जांभळी फुले. अनोळखी माणसाने क्रिकेटची खेळपट्टी आखायला घेतली असती. शहराचे सांडपाणी नदीत येते, त्यावर ही वनस्पती पोसते, आणि मग ती वल्ह्याला अशी मिठी मारते की सोडता सोडवत नाही. पोरी रोज पहाटे जायच्या, वल्ही बाजूला ठेवायच्या आणि दोरांनी जलपर्णी ओढायच्या. घरी यायच्या तेव्हा त्यांना असा काही वास यायचा की सौ. अंघोळीआधी चहासुद्धा देत नसत. सराव झाला तो उरलेल्या आठवड्यात.

शर्यत पाचशे मीटरची. वर्षभर पहाटे पाचला उठायचे आणि सगळा मामला दोन मिनिटांत आटोपायचा. काठावरून पहिली दीड मिनिटे तीन काड्या तरंगताना दिसतात. मी शेजाऱ्याची दुर्बीण घेऊन गेलो होतो. तिच्यातून तीन मोठ्या काड्या दिसत होत्या. मग त्या जवळ आल्या. आमच्या चौघी दुसऱ्या होत्या. पहिलीच्या पाठोपाठ, हात-दोन हात मागे. सौ.नी माझा दंड धरला. मी, ज्याने बँकेच्या क्रीडामहोत्सवात कॅरमच्या फायनललाही आवाज काढला नव्हता, तो मी ओरडायला लागलो.

आणि शंभर मीटर उरले असताना कन्येने खेकडा पकडला.

डावे वल्हे पाण्यात अडकले, दांडा उलटा आला, ती मागे कलंडली, होडी तिरकी झाली. तिने वल्हे सोडवले, चौघींनी पुन्हा ताल धरला आणि त्या शेवटपर्यंत आल्या. पण तोवर तिसरी होडी निघून गेली होती. होड्या तीन होत्या. आमच्या चौघी तिसऱ्या.

चिटणीस जवळ येऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. १९१२ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांच्याही होड्यांत पाणी भरलं होतं. शर्यत पुन्हा घ्यावी लागली." माणूस किती चांगला आहे ते मला त्या दिवशी कळले. मग हळूच म्हणाले, "अटीतटीच्या झुंजीत तिसरा क्रमांक. काय?"

त्या रात्री मी वार्तापत्र लिहायला बसलो. 'अटीतटीच्या' एवढे लिहिले आणि पेन अडले. खोटे नव्हतेच ते. झुंज अटीतटीचीच होती, मी दुर्बिणीतून पाहिली होती. पण चार वर्षे दुसऱ्यांच्या पोरांच्या बातम्यांना कात्री लावणारा मी, स्वतःच्या पोरीच्या बातमीला झालर लावणार? मी ते खोडले आणि छातीवर दगड ठेवून स्वच्छ लिहिले: 'तीन होड्यांत तिसरा क्रमांक. शेवटच्या शंभर मीटरमध्ये एका खेळाडूचे वल्हे अडकल्यामुळे होडी मागे पडली.' आणि कंसात, संपादकाने पक्षपात केला असे कुणी म्हणू नये म्हणून, कन्येचे नाव घातले.

मला स्वतःबद्दल आदर वाटला. बँकेत असेच शिकवतात. संध्याकाळी रोकड मोजताना शंभराची नोट कमी भरली की ती कॅशियरने खिशातून भरायची. चूक कुणाची ते रजिस्टरात येते, पुढे सही असते. मी ती भरलेली आहे, एकदा तर पाच हजारांची. शेजारच्या काउंटरवरच्यांनी हळहळून चहा पाजला होता. चहाचे पैसे मात्र मीच दिले होते.

दुसऱ्या दिवशी चौघी आमच्याकडे आल्या. सौ.नी पोहे केले. मी मजकूर वाचून दाखवला. कन्या मान खाली घालून पोहे चिवडत होती. बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली सगळ्यांत पुढे बसणारी, म्हणजे खरे तर सगळ्यांत मागे बसणारी, म्हणाली, "काका, हे चुकलंय."

"काय चुकलं? वल्हं हिचंच अडकलं ना?"

"हो. पण असं लिहीत नाहीत. बोट हरली. बोटीत एकटीचं काही नसतं."

"अगं, पण चूक कुणाची तरी असणारच ना?"

"काका, मी सुरुवातीपासून ताल जरा जास्तच वाढवला होता," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, "माझा पाय बुटातून सुटत होता." तिसरीला काही आठवेना. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी आदल्या दिवशी भेळ खाल्ली होती."

मी पाहतच राहिलो. पंचवीस वर्षांत मी एकही कॅशियर पाहिलेला नाही, की जो दुसऱ्याची कमी भरलेली नोट वाटून घ्यायला असा भांडतो. इथे तिघी भांडत होत्या. तेवढ्यात कन्येने वर पाहिले. सकाळपासून पहिल्यांदाच. "आणि बाबा, ते 'अटीतटीच्या' पण घालू नका हं. तिघांत तिसरे. एवढंच."

मग मला दत्तू भोकनळचीच दुसरी गोष्ट आठवली, जी मी तेराव्या क्रमांकाबरोबर खोडून टाकली होती. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये एकट्याच्या शर्यतीत तब्येत बिघडून तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. काल कोसळलेल्या माणसाला आज होडीत घेऊन बसायचे, तेही एशियाडच्या फायनलला! त्या तिघांनी काय विचार केला असेल, याचा उलगडा मला आमच्या घरात पोह्यांच्या बशा समोर असताना झाला.

वार्तापत्र छापून आले. त्यात दत्तू भोकनळ आहे, पण 'आपले यश' मध्ये नाही. 'आपल्याला शिकण्यासारखे' असे नवे सदर काढून घातला आहे. चिटणीस खूश झाले आणि पुन्हा माझ्या काउंटरवर येऊ लागले. पान पाचवर चार नावे ओळीने आहेत, आणि खाली: 'तीन होड्यांत तिसऱ्या.' बाकी काही नाही. आजवरच्या वार्तापत्रांतली ही सगळ्यांत छोटी बातमी. सौ.नी मात्र ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

परवा आमच्या शाखेत नव्या मुलीची पाचशेची नोट कमी भरली. पहिलीच नोकरी, तिसराच आठवडा, डोळे भरून आलेले. नियमाप्रमाणे तिनेच भरायची. मी उठलो, तिच्या टेबलावर शंभराची नोट ठेवली आणि म्हणालो, "सकाळी मी तुझ्याशी बोलत बसलो होतो, त्यात झालं असेल." शेजारच्या काउंटरवरच्यांनी आणखी शंभर ठेवले. शिपायाने पन्नास ठेवले. मॅनेजरसाहेब केबिनमधून सगळे बघत होते. ते सुकाणूवर असल्यामुळे त्यांनी काही दिले नाही, पण त्या दिवशी ओरडलेही नाहीत.