पहिला दोर कोणाचा?

ग्वाल्हेरचा किल्ला खालून पाहताना सह्याद्रीत वाढलेली नजर आधी टप्पे शोधते. आपला बेसॉल्ट थरांचा. कडा कितीही उभा असला तरी मध्येच कुठेतरी गवताची पट्टी, पाय टेकायला जागा सापडते. इथे तसे नाही. वालुकाश्माची लांबट टेकडी मैदानातून एकदम वर येते, आणि जिथे निसर्गाने उतार सोडला होता तिथे माणसाने छिन्नीने कडा तासून काढला आहे. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, याच कातळात जैन तीर्थंकर कोरले गेले. सर्वांत मोठी मूर्ती साधारण 57 फुटांची. पर्यटक मूर्तीकडे बघतात. मी पाथरवटांनी परांच्या कशाला अडकवल्या असतील ते बघत होतो.

•

3 ऑगस्ट 1780 ची रात्र. किल्ला महादजी शिंद्यांचा, शिबंदी शिंद्यांची. इंग्रजांचा कॅप्टन पोफम गोहदच्या राण्याच्या मदतीला आलेला. वेढ्याला लागणाऱ्या मोठ्या तोफा त्याच्याकडे नव्हत्या, म्हणून त्याने चढाईचा मार्ग धरला. पुढे कॅप्टन ब्रूस, शिपायांच्या दोन कंपन्या आणि मोजके गोरे.

तेव्हाच्या वृत्तांतात अंतरे दिली आहेत आणि ती वाचताना चढाईचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. पहिला तासलेला कडा 16 फूट. त्याला लाकडी शिड्या. मग सुमारे 40 यार्ड, म्हणजे 120 फूट, तीव्र चढ. मग 30 फुटांची तटबंदी, तिला दोरशिड्या.

शिड्यांच्या दोन टप्प्यांबद्दल सगळे लिहितात. मला मधले 120 फूट महत्त्वाचे वाटतात. तिथे शिडी नाही, दोर नाही. भर श्रावणातला कातळ, अंधार, खांद्यावर बंदूक. ओला वालुकाश्म कसा असतो ते चढणाऱ्याला सांगायला नको: पायाखाली निसटतो आणि पाणी मुरले की ठिसूळही होतो. पाऊस पडून गेला की शहाणी माणसे वालुकाश्माला हात लावत नाहीत.

त्यावर पोफमने केलेला उपाय असा: शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे. पाय घसरू नये म्हणून. आवाज दबला तो वरचा फायदा. हंटर शूज घालून नागफणीच्या कड्याला लटकलेल्या आमच्या पिढीला हे लगेच पटेल.

•

तट चढण्याआधी वरून गस्त गेली, मशाली घेऊन. खालचे सगळे जागच्या जागी थांबले. गस्त पुढे सरकल्यावर दोरशिड्या लागल्या. पहिले वीसेक जण तटावर पोचतात न पोचतात तोच काहींनी उतावीळपणे झोपलेल्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि गलका झाला. तरी उजाडेपर्यंत किल्ला गेला. ज्या बाजूने कोणी येणार नाही असे शिबंदीने गृहीत धरले होते, नेमके तिथूनच माणसे आली.

•

दोरशिडी खालून फेकून अडकत नाही. कोणीतरी आधी वर जाऊन तिचे टोक बांधावे लागते. ग्वाल्हेरला ते कोणी बांधले? गोहदच्या मुलखातल्या वाटमाऱ्यांनी आणि हेरांनी. या कड्यावरून वर जाण्याची वाट त्यांनाच ठाऊक होती. वाट त्यांनी दाखवली आणि दोरही त्यांनीच वर बांधला. आजच्या भाषेत लीड त्यांनी केले. ब्रूस आणि त्याचे शिपाई बांधलेल्या दोराने मागून आले. इतिहासात पोफम आणि ब्रूस उरले. वाटमाऱ्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

इंग्रजांवर चिडण्याआधी सिंहगड आठवावा. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. त्यात दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून जातात आणि वरून माळ लावतात, म्हणजे दोरशिडी. त्या दोघांची नावे आपल्यालाही माहीत नाहीत. घोरपडीचे नाव मात्र यशवंती, हे शाळकरी पोरही सांगेल!

•

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात अजून मराठी ऐकू येते, हिंदीच्या चालीवर. एका काकांना 1780 बद्दल विचारले. ते म्हणाले, ‘‘अहो, ते कशाला काढता? नंतर महादजींनी परत घेतलाच ना.’’ बरोबर आहे. 1782 चा सालबाईचा तह ज्या गावी झाला ते इथून जवळच, आणि 1783 मध्ये किल्ला पुन्हा शिंद्यांकडे आला. पण हरलेली लढाई म्हणून ही रात्र बाजूला टाकली, की एक उत्तम प्रस्तरारोहणही तिच्याबरोबर जाते.

•

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघा, साधारण 100 किलोमीटर. वाटेत कातळ बदलतो. वालुकाश्म मागे पडतो, दतियाच्या आसपास बुंदेलखंडचा ग्रॅनाइट वर येतो: गुलाबी-करडा, गोलसर, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. उन्हाने तापतो, रात्री निवतो, आणि वरची सालपटे सुटत जातात. उरतो तो कलता, भेगहीन पाट. हाच स्लॅब. अबू आणि इडरच्या ग्रॅनाइटवर सराव केलेल्यांना तो ओळखीचा असतो.

बेसॉल्टवर शिकलेला हात इथे उगाच चाचपडतो. पकडायला काही नसते. टाचा खाली, कंबर कातळापासून दूर, सगळे वजन पायांवर; हात फक्त तोलापुरते. घाबरून कातळाला चिकटलात की पाय सुटलेच. आणि भेग नाही म्हणजे चोक, आधाराची पाचर, अडकवायला जागा नाही. शेवटच्या आधारापासून जितके वर, जवळजवळ त्याच्या दुप्पट खाली येण्याची तयारी ठेवायची. चढायचे ते पहाटे. तापलेल्या दगडावर रबराची पकड कमी होते.

झाशीचा किल्ला याच ग्रॅनाइटवर. 3 एप्रिल 1858 ला इंग्रजांनी शहराच्या तटाला शिड्या लावल्या तेव्हा काही आखूड पडल्या, काही भाराने मोडल्या. डिक आणि मिक्लजॉन हे दोन अधिकारी तिथे पडले. त्यांची नावे नोंदलेली आहेत. आत विष्णुभट गोडसे होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ त्या दिवसांसाठी वाचावेच.

•

वालुकाश्माचे एक सांगायचे राहिले. जर्मनीतल्या सॅक्सनीत वालुकाश्मावर आधारासाठी धातूचे नट आणि कॅम वापरायला बंदी आहे. भेगेत दोराच्या गाठी अडकवतात. दगड मऊ, धातूने कडा झिजते. तिथले लोक हे नियम हट्टाने पाळतात. आपल्याकडे एकेका सुळक्यावर बोल्टची रांग बघितली की त्यांचा हेवा वाटतो.

•

शेवटी ग्वाल्हेरला जाणाऱ्यांना विनंती. किल्ल्याचा कडा संरक्षित आहे. त्यावर चढू नका, खालून पाहा. हात शिवशिवत असतील तर बुंदेलखंडात मोकळा ग्रॅनाइट भरपूर आहे. तिथे पुष्कळ टेकाडांच्या माथ्यावर देवस्थान असते, तेव्हा आधी गावात विचारा आणि मेख ठोकू नका. आणि चढाईची नोंद लिहाल तेव्हा वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचे नाव, त्याला विचारून, आधी लिहा.