वार पाळा, फ्लेक्सी व्हा!

हेल्दी डाएट म्हटलं की डोळ्यांसमोर महागडा अ‍ॅव्होकॅडो येतो? मग एखाद्या शनिवारी सकाळी सरळ दादरला उतरा. सोबत कापडी पिशवी आणि सपाटून भूक, बस्स!

‘फ्लेक्सिटेरियन’ हा सध्या ऑफिसच्या लंच टेबलावरचा लाडका शब्द. फंडा एकदम सिंपल. ताटात बहुतेक वेळा भाज्या, डाळी, कडधान्यं, फळं, मासे-मटण अधूनमधून. कसली शपथ नाही की बंदी नाही. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००३ सालचा सर्वांत उपयुक्त शब्द म्हणून याचीच निवड केली होती. आपल्याकडच्या मासेखाऊ घरांत मात्र याला फार जुना, घरगुती शब्द आहे. वार पाळणं! कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. शिवाय चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण. हिशेब मांडलात तर निम्मं वर्ष शाकाहारीच निघेल.

पाटीतला खजिना

दादर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलात की गर्दी तुम्हाला आपोआप रानडे रोडकडे ढकलते. तिथे जरा खाली बघा. पाटीत मोड आलेली मटकी, हिरवे मूग आणि सोललेले वाल मांडून बसलेल्या मावश्या दिसतील. या वालांना कुणी डाळिंब्या म्हणतं, तर कुणी बिरडं. ते घरी करायचं म्हणजे वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. दोन दिवसांचं काम!

खरी गोम इथेच आहे. वार पाळायचं अख्खं घर, पण वाल सोलत बसायची एकटी आई. आता दोघंही साडेआठच्या लोकलने घरी येतात आणि ‘आज जेवायला काय?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा मोबाइलवरून मागवलं जातं. मावशींकडची पावशेर मटकी हे त्यावरचं साधं उत्तर आहे. कांदा, कढीपत्ता, गोडा मसाला, वर ओलं खोबरं. वीस मिनिटांत उसळ तयार. आणि हो, मावशींशी भावाची घासाघीस जरा बेतानेच करा. तुमचे दोन दिवस त्यांनी वाचवलेत!

व्हेज म्हणजे हेल्दी? थांबा!

छबिलदास गल्लीतला बटाटावडा शाकाहारीच. ‘प्रकाश’चा साबुदाणावडाही शाकाहारीच. दोन्ही जरूर खा, दादरला येऊन ते चुकवणं हा गुन्हा आहे. पण सोमवारचा उपास म्हणून दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्लात, तर पोटात गेला तो मुख्यतः स्टार्च आणि तेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं ताट बघा. दिवसाला २००० कॅलरींच्या हिशेबात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध, २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, अंडी किंवा मांस-मासे. आपली गाडी अडते ती बहुधा इथेच. पोळी-भात भरपूर, भाजी चमचाभर आणि आमटी पातळ!

म्हणून शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’मध्ये शिरलात तर मिसळ मागवा. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत हिला जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश ठरवलं गेलं होतं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की तर्रीखाली मोड आलेलं कडधान्य आहे. फरसाण थोडं कमी घाला, झालं.

आणि मासे?

सोडायचे कशाला? दादरच्या मालवणी खानावळीत बांगडा खा, पण सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढीही मागवा. बुधवार-रविवार हे घरोघरचे माशांचे वार. ते दोन दिवस चवीने साजरे करा. तसंही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तो काळ माशांच्या विणीचा. मग येतो श्रावण, नि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. थांबणं हा जुन्या कॅलेंडरचाच भाग आहे.

पूल ओलांडा, माटुंगा गाठा

पायात दम असेल तर पूर्वेला उतरून हिंदू कॉलनीच्या झाडांखालून माटुंग्यापर्यंत चालत जा. स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ पासून आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. कुणी ‘प्लांट-बेस्ड’ची पाटी लावलेली नाही, तरी पान गच्च भरतं.

सोमवारपासून सुरू!

• आठवड्याचे तीन वार पक्के करा. देवासाठी की तब्येतीसाठी, हे तुमचं तुम्ही ठरवा.

• कडधान्य भिजवायची पाळी लावा. एक दिवस ती, एक दिवस तो.

• डब्यात पोळ्या दोन, पण भाजी आणि उसळ मिळून दोन वाट्या.

• दूध-दही, अंडी, मासे पूर्ण बंद करणार असाल, तर बी-१२ बद्दल डॉक्टरांशी आधी बोला. फ्लेक्सी राहणाऱ्यांना ही काळजी बरीच कमी.

• सोमवारी ऑफिस पार्टीत कोलंबी समोर आली? खा की! गुरुवारी भरपाई करा. लवचीक राहिलं तरच हे वर्षभर टिकतं.